चार अंकांची तोंडं चार दिशांना! मुखपृष्ठांची मालिका कशी बांधायची?

कोरा कागद

आम्ही काही मित्रमैत्रिणी मिळून एक त्रैमासिक काढतो. कथा, कविता, थोडं भाषांतर, थोडी समीक्षा. वर्ष झालं, चार अंक निघाले. प्रत्येक मुखपृष्ठाचं त्या त्या वेळी कौतुकही झालं. पहिल्यावर एका मित्राचं जलरंगातलं चित्र, दुसऱ्यावर काचेवरच्या थेंबांचा फोटो, तिसऱ्यावर नुसती अक्षरं, चौथ्यावर शाईचं रेखाटन.

परवा एका कार्यक्रमात चारही अंक टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तर एका गृहस्थांनी विचारलं, "ही चारही मासिकं तुम्हीच काढता?" टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. नाव दर वेळी वेगळ्या फाँटात, वेगळ्या जागी. मांडणी मीच करते, तेव्हा दोष माझाच.

आता पुढचे आठ अंक, म्हणजे दोन वर्षं, एका घरातले वाटावेत असं ठरवलंय. डेमी (पुस्तकाचा नेहमीचा) आकार, साधारण १२८ पानं, छापील आणि पीडीएफ दोन्ही. काय कायम ठेवायचं आणि काय बदलायचं, इथेच माझी गाडी अडली आहे. सगळ्या अंकांना एकच चित्रकार घ्यावा का? रंगाचं काय? आणि आमच्या संपादकांचा हट्ट आहे की अंकाचा विषय मुखपृष्ठावर दिसलाच पाहिजे, शिवाय सगळ्या लेखकांची नावंही. गेल्या अंकात अकरा होती.

उभी रेघ

इथे चर्चेचा धागा काढलात ते बरं केलंत. पहिली गोष्ट, पुढच्या अंकाचं मुखपृष्ठ करायला आत्ता बसू नका. आठही एकदम करा. कच्ची, वेडीवाकडी, चित्राच्या जागी नुसता राखाडी ठोकळा टाकून. एक मुखपृष्ठ देखणं करणं आणि आठांची मालिका बांधणं ही दोन निराळी कामं आहेत. एकेक करत गेलं की प्रत्येक वेळी "या वेळी जरा वेगळं करू" होतं आणि चौथ्या अंकाला तुमच्यासारखा धागा काढावा लागतो.

१९६१ मध्ये रोमेक मार्बर या डिझायनरने पेंग्विन प्रकाशनाच्या गुन्हेकथांसाठी जी चौकट आखली ती एकदा डोळ्यांखालून घाला. पानाचा वरचा साधारण तिसरा भाग मजकुराला. त्यात आडव्या रेघा, रेघांच्या मधे प्रकाशनाची खूण, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव. खालचा सगळा भाग चित्राला मोकळा, तिथे काय वाटेल ते करा. मजकुराची जागा इतकी पक्की होती म्हणून चित्राला रान मोकळं मिळालं. पुढे तीच चौकट त्यांनी इतर मालिकांनाही लावली.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की कायम ठेवायच्या गोष्टी थोड्या ठेवा, पण त्या ठेवल्या की ठेवल्या. नावाची जागा, नावाचं अक्षर, अंक क्रमांकाची जागा. एवढ्या तिघांना हात लावायचा नाही. संपादकांनी गळ घातली तरी नाही, चित्र कितीही सुंदर असलं तरी नाही.

अर्धविराम

म्हणजे शाळेच्या वह्या. वर नाव, खाली चित्र, मधे "विषय" आणि "तुकडी" लिहायला रेघ.

गंमत सोडा, पण मॅक्स्वीनीज हे अमेरिकन साहित्यिक त्रैमासिक १९९८ पासून नेमकं उलटं करत आलंय. एक अंक टपालाच्या गठ्ठ्यासारखा, एक अंक माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या खोक्यात. कुठलेही दोन सारखे नाहीत आणि तरी ओळखू येतात. मग चौकटीचं एवढं कौतुक कशाला?

उभी रेघ

>> कुठलेही दोन सारखे नाहीत आणि तरी ओळखू येतात

कारण तिथे "पुढचा अंक कसा असेल सांगता येणार नाही" हीच कायम ठेवलेली गोष्ट आहे. तोही नियमच झाला, आणि पाळायला चौकटीपेक्षा महाग. दर तीन महिन्यांनी वाचकाला चकित करायचं म्हणजे पैसा हवा, वेळ हवा आणि तसा छापखानाही हवा. तीन माणसं नोकऱ्या सांभाळून अंक काढतात तिथे हे दोन अंक चालेल. तिसऱ्याला दमछाक.

आणि वह्यांचा टोमणा मान्य, पण अर्धाच. फ्रान्समधल्या गालिमार प्रकाशनाची १९११ पासूनची पांढरी मालिका बघा. साईच्या रंगाचं कव्हर, काळी चौकट, आत लाल रेघा, नाव. चित्र नाहीच. वहीपेक्षा साधं. तरी तिकडच्या वाचकाला ते लांबून ओळखू येतं.

शाईचा डाग

पंचवीस वर्षं छपाईत काढली, म्हणून चार शब्द. चित्राबित्राचं मला कळत नाही, पण मालिका कुठे फुटते ते पाहिलंय. ती छापखान्यात फुटते.

आमच्याकडे एक नियतकालिक यायचं. लाल पट्टा ही त्यांची ओळख. संगणकावर दर अंकाला तोच लाल, आकडेही तेच. एकदा आर्ट पेपर वेळेवर मिळाला नाही म्हणून कव्हर बिनचकचकीत कागदावर छापलं. पट्टा विटकरी आला. त्यापुढच्या अंकाला मशीनवरच्या माणसाने मजेंटा (गडद गुलाबी शाई) थोडा जास्त सोडला आणि पट्टा गुलाबीकडे झुकला. तीन अंक शेजारी ठेवले तर तीन सावत्र भाऊ. फाइल तीच होती हो! कोटिंग नसलेला कागद शाई पितो, त्यामुळे रंग बसका दिसतो. आणि लाल हा पिवळा अधिक मजेंटा असा बनलेला असतो, दोघांतला एक जरी हलला तरी डोळ्याला कळतं.

तेव्हा ताई, एवढं करा:

कव्हरचा कागद आणि लॅमिनेशन आठही अंकांना एकच. मॅट लॅमिनेशनने रंग जरा मंदावतो आणि गडद रंगावर बोटांचे ठसे, ओरखडे उठतात, हे आधीच धरून चाला. चौथ्या अंकाला "या वेळी ग्लॉसी करून बघू" म्हणालात की संपलं.

स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी कागदावर येत नाही. सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या नेहमीच्या चार शायांत, निळा जांभळट होतो आणि पोपटी मळका. रंग स्क्रीनवर ठरवूच नका. पहिल्या अंकाचा छापलेला तुकडा कापून पाकिटात, अंधारात ठेवा आणि पुढच्या प्रत्येक वेळी तो घेऊन मशीनपाशी उभ्या राहा.

आता कणा, म्हणजे अंक कपाटात उभा ठेवला की दिसणारी बांधणीची कड. १२८ पानं म्हणजे १६ पानी आठ फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे), म्हणजे ६४ कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिमी धरली तर कणा ६.४ मिमी. एखादा अंक १७६ पानांचा झाला की ८.८. कण्यावरचं अक्षर सगळ्यात बारीक अंकाला बसेल असंच काढा. आणि कण्याचा रंग मुखपृष्ठापेक्षा वेगळा, बरोबर घडीवर तुटणारा असा ठेवू नका. बाइंडिंगमध्ये एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. रंग तुटला की तो मिलिमीटर बोंब मारतो. रंग घडीवरून पुढे वाहू द्या, कोणाला कळणारही नाही.

निवांत वाचक

डिझाइनमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण कण्याचा विषय निघालाच आहे तर वाचक म्हणून रडगाणं गातो.

मुखपृष्ठ मी अंक आला त्या दिवशी बघतो. नंतर अंक कपाटात जातो आणि पुढची दहा वर्षं मला त्याचा फक्त कणा दिसतो. "ती कथा कुठल्या अंकात होती" हे शोधायला मी प्रत्येक अंक उपसून बघतो, कारण कण्यावर नुसतं मासिकाचं नाव. अहो, ते मला माहीत आहे, अंक कितवा ते लिहा! आणि तेही "वर्ष ३, अंक २" असं नको, सरळ "अंक १०". वर्ष आणि अंकाचं गणित कपाटासमोर उभं राहून होत नाही.

उभी रेघ

निवांत, +१. चालू क्रमांक कण्यावर, "वर्ष अमुक अंक तमुक" आत माहितीच्या पानावर.

कण्याचाच विचार करून बांधलेली एक मालिका मला फार आवडते. जर्मनीत १९६३ मध्ये झूरकांप प्रकाशनाने सुरू केलेली, विली फ्लेकहाउसने आखलेली. वर्षाला ४८ पुस्तकं, कव्हरवर फक्त अक्षरं, आणि प्रत्येकाचा रंग इंद्रधनुष्याच्या क्रमातला पुढचा. एकेक पुस्तक बघाल तर काहीच नाही, एकरंगी कव्हर. मांडणीत ओळीने लावली की भिंत रंगून निघते. मालिका मुखपृष्ठावर घडलीच पाहिजे असं नाही, ती मांडणीतही घडते.

तळटीप

इथे सगळे रोमन लिपीतले दाखले देताहेत म्हणून मध्ये पडते. कोरा कागद, तुमच्या नियतकालिकाचं नाव इथे लिहू नका हवं तर, पण त्याची अक्षरं कशी आहेत ते सांगाल का? वर काय आहे, खाली काय आहे?

कोरा कागद

तीन अक्षरी. पहिल्याला दीर्घ वेलांटी, मधलं साधं, शेवटच्याला उकार. मधलं अक्षर ल आहे.

तळटीप

मग तुमचं अर्धं काम नावानेच करून ठेवलंय.

रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात. रोमन वळणाची चौकट उचलून त्यात देवनागरी नाव बसवलं की वेलांटी वरच्या काठावर आपटते, उकार चित्रात पाय सोडून बसतो आणि नाव कुठेतरी तरंगल्यासारखं दिसतं. मग लोक नाव लहान करतात. नाव लहान केलं की मालिका गेली.

त्याऐवजी मोजमाप शिरोरेषेपासून धरा. पानाच्या वरच्या कडेपासून शिरोरेषा किती अंतरावर, हे एकदा ठरवा आणि आठही अंकांत ती रेषा तिथेच. आता ती रेषा नावापुरती कशाला थांबवता? दोन्ही बाजूंनी पानाच्या कडेपर्यंत न्या. डावीकडे कण्यावरून वळवून मलपृष्ठावर सोडा. रेषेच्या वर फक्त तुमची वेलांटी असेल, बाकी रिकामं. रेषेखाली अक्षरं लटकतील आणि त्यांच्याच शेजारी चित्रही त्याच रेषेला लटकेल. चौकट आखायची गरजच नाही, लिपीत ती आयती आहे.

अंक बदलला, चित्र बदललं, चित्रकार बदलला, तरी एका उंचीवरून जाणारी ती रेघ आणि तिच्यावरची एकटी वेलांटी. बोटाच्या नखाएवढ्या आकारातही ओळखू येईल.

आता किरकिर, कारण तो माझा धंदाच आहे. ते ल. बऱ्याच युनिकोड फाँटांत आपोआप हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मजकुराची भाषा मराठी अशी निवडली की मराठी वळणाचे येतात, अर्थात फाँटात ती सोय केलेली असेल तर. एका अंकात हा ल, दुसऱ्यात तो, असं तुमच्याकडे नक्की झालं असणार. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला नसेल तर वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात, तेही बघा. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांतला मजकूर रूपांतर करून घेत असाल तर मुखपृष्ठावरचा शब्द न् शब्द डोळ्यांनी वाचा. "वाऱ्यावर"चं "वार्यावर" झालेलं आतल्या पानात खपतं, मुखपृष्ठावर जन्मभर छळतं.

सगळ्यात बरं म्हणजे नाव फाँटात ठेवूच नका. एकदा हाताने काढून घ्या. नाटकांच्या जाहिरातींत अक्षरकार कमल शेडगे यांची अक्षरं बघत ज्यांची पिढी वाढली त्यांना हे वेगळं सांगायला नको. नाव वाचायच्या आधी त्याचं वळण ओळखू यायचं.

कोरा कागद

तळटीप, दोन्ही ल सापडले. पहिल्या आणि चौथ्या अंकात एक, दुसऱ्या-तिसऱ्यात दुसरा. वर्षभर माझ्या लक्षात आलं नाही. कुठे तोंड लपवू?

रेषेची कल्पना डोक्यात घट्ट बसली आहे. रात्री आठ राखाडी ठोकळे करून त्यांवरून रेघ ओढली. चित्र नसतानाही ते आठ एकमेकांचे वाटायला लागले. फक्त एक शंका. रेषेच्या वरची जागा रिकामी बघून संपादक म्हणणार, "इथे नावं बसतील की."

अर्धविराम

बसतील. मग वेलांटीला सांगा, जरा सरकून घे, अकरा लेखक येताहेत.

खोडरबर

चित्रकाराच्या बाजूने कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी मी एक म्हातारी बाई काढली होती. पूर्ण पानभर चेहरा, कपाळावरच्या सुरकुत्यांवर दोन दिवस घालवले होते. अंक हातात आला तर कपाळावरून मासिकाचं नाव, डोळ्याखाली खास लेखाची पट्टी, हनुवटीवर बारकोड. विचारलं तर म्हणाले, "तुम्ही जागाच सोडली नव्हती." सांगितलं कोणी होतं?

चित्र मागवताना चित्रकाराला "विषय असा असा आहे" एवढंच सांगू नका. मापाची रिकामी फाइल द्या, जिच्यात नाव जागेवर आहे, शिरोरेषा जागेवर आहे, कडेला ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) आखलेलं आहे. छापायच्या आकारात ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. आणि बारकोड मलपृष्ठावर न्या बाबांनो. आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तर ९७७ने सुरू होणारा तो तेरा आकडी बारकोड येतो, त्याला भोवती पांढरी मोकळी जागा लागते. एकदा कोपरा ठरवून द्या, परत त्याच्याकडे बघायला नको.

एकच चित्रकार की अनेक? एकाने आठ केली तर मालिका आपोआप होते, पण पाचव्या-सहाव्याला तो कंटाळतो. मी कंटाळलो आहे, खोटं कशाला बोलू. अनेक असतील तर विषय बांधून देऊ नका, साधन बांधून द्या. म्हणजे दोनच शाया, छटा नाहीत, कडा सपाट. मग कोणी तैलचित्रवाला असो की कॉमिक्सवाला, सगळ्यांचे हात एका भाषेत बोलायला लागतात. किंवा सगळ्यांना एकच वस्तू द्या. आठ जणांनी काढलेली आठ मुखपृष्ठं, प्रत्येकावर खुर्ची. स्थलांतराच्या अंकात ट्रकवर उलटी बांधलेली खुर्ची, भाषांतराच्या अंकात एक खुर्ची आणि तिची न जुळणारी सावली. संपादकांचा विषयही दिसतो आणि चित्रकाराला शब्दशः विषय काढावा लागत नाही.

आणि लेखी लिहून द्या. चित्र एका अंकापुरतं घेताय, की पोस्टर, पिशव्या, पुढे निवडक संग्रहाचं कव्हर यांसाठीही? दोस्तीखात्यातल्या चित्राचंच पुढे भांडण होतं.

उभी रेघ

खुर्चीची कल्पना छान आहे, पण मला भीती वाटते. आठव्या अंकापर्यंत ती कोडं होते. वाचक म्हणतो, बघू या वेळी खुर्ची कशी बसवलीय. अंक मागे पडतो आणि युक्ती पुढे येते. साधन बांधून देण्याला मात्र माझं दोन्ही हातांनी अनुमोदन. दोन शाया.

खोडरबर

असू शकेल. मी चित्रकार आहे, मला वस्तू दिसते.

कोरा कागद

दोन शायांवरून रंगाचा प्रश्न विचारते. एक काळी कायम, दुसरी दर अंकाला वेगळी, असं धरलंय. संपादक म्हणतात ऋतूप्रमाणे रंग घ्या. पावसाळ्याला हिरवा, उन्हाळ्याला पिवळा.

अर्धविराम

आणि हिवाळ्याला निळा. पेंट कंपनीचं कॅलेंडर तयार.

निवांत वाचक

शिवाय दुसऱ्या वर्षी परत हिरवा. माझ्या कपाटात दोन हिरवे आले की अंक पाचवा का नववा, परत उपसाउपशी.

तळटीप

मला गाण्याच्या भेंड्यांसारखं काहीतरी सुचतंय. एकाने ज्या अक्षरावर सोडलं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. प्रत्येक अंकाचे दोन रंग, एक मागच्या अंकाने दिलेला, एक नवा. पाचव्या अंकाचा नवा रंग सहाव्यात जुना होऊन येईल. कण्यावर शिरोरेषेच्या वर मागच्याचा रंग, खाली या अंकाचा. कपाटात ओळीने लावले की प्रत्येक अंकाने शेजाऱ्याचा हात धरलेला दिसेल. एखादा अंक गहाळ झाला तर साखळी तुटलेली दिसेल, क्रमांक न वाचता.

निवांत वाचक

हे घ्याच. मी आठही अंक विकत घेईन. (चार घेतलेच नव्हते हे आत्ता कबूल करतो.)

उभी रेघ

सुंदर. आणि रंग पुरून उरतील, कारण कुठलाच रंग कशाचं प्रतीक नाही. पावसाळ्याला हिरवाच हवा, ही सक्ती गेली. फक्त शेजारी येणाऱ्या दोन रंगांचा गडदपणा वेगळा ठेवा. कच्ची मुखपृष्ठं एकदा राखाडी छपाईत काढून बघा. दोन्ही रंग एकाच राखाडीत मिसळले तर जोडी चुकली. पीडीएफवाल्यांसाठी तेच पान फोनवर नखाएवढं करूनही बघा.

शाईचा डाग

थांबा थांबा. कागदावर सगळं गोड वाटतंय. तुम्ही लोक नेमकी तीच गोष्ट मागताय जी छपाईत सगळ्यात अवघड आहे. पाचव्या अंकाचा नारिंगी तीन महिन्यांनी सहाव्यावर हुबेहूब तोच यायला हवा, आणि ते दोन कपाटात एकमेकांना चिकटून राहणार. एवढासा फरक पडला तरी हात धरलेला नाही, हात झटकलेला दिसेल.

चार रंगांत ठिपक्यांनी बनवलेला नारिंगी असेल तर मी हमी देणार नाही. कोणी देत असेल तर त्यांना माझा नमस्कार सांगा.

पण एक वाट आहे. कव्हर चार रंगांत छापूच नका. काळी, मागचा रंग, नवा रंग, अशा तीन शाया, तिन्ही स्पॉट, म्हणजे डब्यातच तयार केलेला रंग. नवा रंग मिसळताना छापखान्याला सांगा की लागेल त्यापेक्षा जास्तच मिसळा आणि उरलेला डबा अंक क्रमांक लिहून ठेवा. पुढच्या अंकाला मागचा रंग त्याच डब्यातून. नव्याने जुळवायची भानगडच नाही! तीन महिन्यांत शाईवर दुधासारखी साय धरते, म्हणून वरून कागद दाबून डबा घट्ट बंद करायला सांगा. साय काढताना ती आत मिसळू देऊ नका, नाहीतर छापताना गुठळ्या येतात.

आणि छापखाना बदलू नका. डबा एका ठिकाणी आणि काम दुसरीकडे असं झालं की गेली साखळी.

खोडरबर

डब्यावर अंक क्रमांक ही या धाग्यातली सगळ्यात भारी ओळ.

कोरा कागद

उशिरा येतेय, पण बरंच काही घडलं.

नाव हाताने काढून घेतलं. मराठी ल. शिरोरेषा वरच्या कडेपासून ४६ मिमीवर. आधी ४० धरली होती, पण वेलांटी कडेला इतकी जवळ गेली की कापताना टोक उडेल असं वाटलं.

अकरा नावांवरून तीन बैठका झाल्या. शेवटी मी भांडले नाही. दोन डमी छापून टेबलावर ठेवल्या, एकीवर अकरा नावं, दुसरीवर एकही नाही, आणि संपादकांना खोलीच्या दारातून बघायला सांगितलं. दारातून अकरा नावांची एक मळकट पट्टी दिसत होती, एकही नाव वाचता येत नव्हतं. ते काही बोलले नाहीत, पेन घेऊन नावांना मलपृष्ठाचा बाण काढला. मलपृष्ठावर आता नावं मोठ्या अक्षरात आहेत, त्याच रेषेला लटकलेली, आणि मला तर पुढच्यापेक्षा मागची बाजूच जास्त आवडायला लागली आहे. विषय मुखपृष्ठावर एका शब्दात, अंक क्रमांकाच्या शेजारी.

चित्रकार वेगवेगळे घेतोय. सगळ्यांना तीन शायांची आणि मापाची फाइल दिली. एकाने विचारलं, "चित्र रेषेच्या वर नेलं तर?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "पक्ष्याची फक्त चोच?" परत नाही म्हटलं. मग त्याने पक्षी रेषेला उलटा लटकवला, वटवाघळासारखा. तोच पाचव्या अंकावर येतोय.

जुने चार अंक तसेच राहतील. कोणी म्हणालं त्यांना नवी जॅकेटं घाला, पण ते आमचे जावळाचे फोटो आहेत, असू देत.

डमी कपाटात लावून पाहिल्या. पाचवा आणि सहावा. धरलाय हात.

निवांत वाचक

अभिनंदन! एक प्रश्न. भेंड्यांत पहिलं अक्षर कोणीतरी द्यावं लागतं. पाचव्याच्या आधी मालिकाच नाही, मग पाचव्याच्या कण्यावर रेषेच्या वर "मागचा रंग" कुठला घेतलात?

कोरा कागद

कागदाचा. तिथे शाईच नाही, नुसता पांढरा. शाईचा डाग, हा रंग तरी दर वेळी जुळेल ना?

शाईचा डाग

पुनर्मुद्रण करताना कागद बदलला नाहीत तर.